पवनेचं पाणी आणि पाचवी आवृत्ती

प्रश्न : मी रावेतला राहतो, नोकरी चाकणला. शनिवारी रात्री आम्ही मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. मामाने कॉलेजात असताना ‘गामा वर्ल्ड’च्या पहिल्या आवृत्तीवर स्वतःचं एक जग बेतलं होतं. महायुद्धाला शतकं उलटली आहेत, रावेतचा बंधारा एका टोळीच्या ताब्यात आहे आणि चाकणच्या ओसाड कारखान्यांतल्या वेल्डिंग रोबोंना माणसं नैवेद्य दाखवतात. हे सगळं मी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत आणलं, आकडेही बदलले. तरी खेळताना ते जग मामाच्या वहीतलं वाटत नाही. काय राहून गेलं?
— एक वाचक, रावेत

उत्तर : तुम्ही आकड्यांपाशी थांबलात, एवढंच. एखाद्या जगाचा स्वभाव कळतो तो तिथे काय दुर्मिळ आहे आणि ते मिळवायला काय मोजावं लागतं यावरून. नियम बदलले की सगळ्यात आधी हेच हातून निसटतं.

‘गामा वर्ल्ड’इतका याचा अनुभव फार थोड्या खेळांना असेल. जेम्स वॉर्ड आणि गॅरी जॅके यांचा हा खेळ १९७८ साली आला. त्यानंतर १९८३, १९८६, १९९२, २०००, २००३ आणि २०१० अशा आणखी सहा आवृत्त्या निघाल्या, आणि बहुतेक वेळी नियमांचा सांगाडाच नवा होता. उद्ध्वस्त पृथ्वी, विकृती आलेली माणसं आणि प्राणी, पूर्वजांची न समजणारी यंत्रं हे सामान तेच राहिलं. खेळण्याचा अनुभव मात्र दर वेळी पालटला.

पहिल्या आवृत्तीत एखादं जुनं यंत्र सापडलं की पुढ्यात एक आकृती यायची. यंत्र जितकं अवघड, तितकी आकृती गुंतागुंतीची. फासा टाकत एकेका चौकटीतून पुढे सरकायचं. शेवटापर्यंत पोचलात तर यंत्र उमगलं, वाटेत कवटीच्या खुणेवर गेलात तर ते अंगावर उलटण्याची भीती. एका बंदुकीपायी अर्धी संध्याकाळ जायची, पण ती बंदूक मग जिवापाड जपली जायची. २०१० च्या आवृत्तीत यंत्रं पत्त्यांच्या गड्डीतून येऊ लागली आणि विकृती चकमकीगणिक बदलू लागल्या. खेळ वेगवान झाला, मजेदारही झाला. पण जे हातात आलं ते पुढच्या तासाला जाणारच असेल, तर ते समजून घेण्याची ओढ कशी लागणार? माझ्या मते त्या आवृत्तीने गमावलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

आता तुमच्या वहीकडे येऊ. आधी आकड्यांचं एक सांगतो, कारण तिथेही एक खड्डा आहे. पहिल्या आवृत्तीत कॉन्स्टिट्यूशनच्या प्रत्येक गुणामागे सहा पैलूंचा एक फासा टाकून हिट पॉइंट काढत. कॉन्स्टिट्यूशन १२ असेल तर सरासरी ४२ हिट पॉइंट, तेही पहिल्याच दिवशी. पाचव्या आवृत्तीतला पहिल्या लेव्हलचा फायटर १०-१२ वर सुरू होतो. म्हणून जुन्या शस्त्रांचं नुकसान जसंच्या तसं उचललंत तर पहिल्याच चकमकीत सगळे आडवे होतील. राक्षसांचेही आकडे उतरवत बसू नका. नव्या पुस्तकातला जवळचा प्राणी घ्या, त्याला मामाने दिलेलं रूप द्या आणि एखादीच विकृती जोडा.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. धरणातून सोडलेलं पाणी पवनेतून वाहत रावेतच्या बंधाऱ्याशी येतं, तिथून उपसून निगडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे जातं आणि मग पिंपरी-चिंचवडच्या नळांना. म्हणजे बंधारा ज्याच्या हाती, शहर त्याच्या हाती. मामाने टोळी नेमकी तिथे बसवली यात त्यांची जाण दिसते. पण पाचव्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलचा क्लेरिक एका मंत्राने दहा गॅलन पाणी काढतो. ड्रुइड ‘गुडबेरी’ने दहा बोरं निर्माण करतो आणि एकेका बोरावर माणसाचा दिवस निघतो. अशा जगात बंधाऱ्यासाठी कोण लढेल? टोळी वहीत राहते, तिचा धाक जातो. तेव्हा अन्नपाण्याचे हे मंत्र सरळ काढून टाका, आणि तसं पात्रं बनवण्याआधीच मित्रांना सांगा. मध्येच काढलेत तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल.

विश्रांतीचंही तसंच. आठ तास झोपलं की सगळे हिट पॉइंट परत, हा नियम उजाड जगाला मानवत नाही. २०१४ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये एक पर्याय आहे : छोटी विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची. तो घ्या. मग सात दिवस सुरक्षित कुठे राहायचं, तिथलं पाणी कोणाचं, त्याच्या बदल्यात काय द्यायचं, हे प्रश्न आपोआप उभे राहतात आणि बंधाऱ्यावरच्या टोळीशी बोलणी करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

कवटीच्या आकृतीची भरपाईही याच पुस्तकात आहे. अनोळखी यंत्र समजून घ्यायला बुद्धीचे फासे टाकायचे. सोप्या यंत्राला दोन यश लागतात, अवघड यंत्राला चार. मोठ्या विश्रांतीआधी चारदा अपयश आलं तर यंत्र मोडू द्यावं, असं ते सुचवतं. चाकणच्या कारखान्यात पात्रांना रोबोचं टीच पेंडंट, म्हणजे तो चालवायचं हातातलं उपकरण, सापडलं असं धरा. तुम्हाला आणि मित्रांना ते रोजचं आहे, पात्रांना नाही. म्हणून नाव घेऊ नका. जाड केबलला लटकलेली पाटी, पुढे लाल गोल बटण, मागे बोटाखाली येणारी एक कळ, एवढंच वर्णन करा. पहिल्या यशाला कळतं की कळ दाबल्याशिवाय काही होत नाही. दुसऱ्याला कळतं की ती अर्धवटच दाबायची, सोडली तरी हात थांबतो आणि घट्ट आवळली तरी थांबतो. तिसऱ्याला सांध्यांची बटणं उमगतात. चौथ्याला देव तुमच्या आज्ञेत! एखादं अपयश आलं की तो लोखंडी हात गर्रकन फिरू द्या, आणि खाली नैवेद्य घेऊन कोण उभं होतं ते विचारा. तुमच्या चाकणच्या नोकरीचा या खेळाला एवढा उपयोग होईल असं कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेलं नाही.

विकृती मात्र जुन्या पद्धतीनेच ठरवा, फासा टाकून. पाचव्या आवृत्तीची सवय आपलं पात्र आपण निवडण्याची आहे. मामाच्या जगात मात्र माणसाच्या वाट्याला काय आलं ते त्याच्या हाती नव्हतं. दोन उपयोगी आणि एक अडचणीची विकृती पुरे. त्यात कोणावर अन्याय झाला असं वाटलं, तर त्या खेळाडूला एकदा पुन्हा फासा टाकू द्या.

हे जग पुढे छापावंसं वाटलं तर वाट मोकळी आहे. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. श्रेय नोंदवलं की त्यावर आधारलेलं पुस्तक मराठीतही काढता येतं. ‘गामा वर्ल्ड’ हे नाव आणि त्यातले प्राणी तेवढे वापरू नका. पवना, बंधारा आणि चाकणचे देव मामाचे आहेत. मुखपृष्ठावर त्यांचं नाव आधी घाला.