वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी

"साहेब, फी किती?" पक्षकार विचारतो, वकीलसाहेब आकडा सांगतात आणि बोलणं तिथंच संपतं. त्या आकड्यात काय काय धरलंय, हे मात्र विचारायचं राहून जातं.

जमिनीचा साधा दावा घ्या. दाव्याचा मसुदा, तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, साक्षीपुरावा, उलटतपासणी, युक्तिवाद इतकं तर सगळेच धरून चालतात. पण मनाई अर्जाच्या हुकमावर अपील झालं तर? दावा जिंकल्यावर ताबा मिळवायला दरखास्त लावावी लागली तर? या दोन्हींची फी बहुधा वेगळी असते, आणि वकील-पक्षकारांत खटके उडतात ते इथंच. माझं ऐकाल तर दर तारखेला पैसे देण्याचा व्यवहार टाळा. दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षाला तीनच तहकुब्या दिल्या आहेत. प्रत्यक्षात किती तारखा पडतात, ते कोर्टात बसून पाहिलंत तर हसू येईल. टप्प्यागणिक रक्कम ठरवा, कागदावर घ्या, पावती मागा. "निकाल लागला की इतके टक्के" हा करार बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. अपघात भरपाईच्या दाव्यांत असं कुणी सुचवलं, तर सावध राहा.

कोर्ट फी वेगळी. ती सरकारला जाते, दाव्याच्या मूल्यांकनावर ठरते आणि महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. शिवाय समन्सचा खर्च, नकला, टायपिंग, नोटरी. हद्दीचा वाद असेल तर मोजणी आणि कोर्ट कमिशनरही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, बालकं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. हा हक्क आहे, मागायला संकोच कसला?

पुढची तारीख कळण्यासाठी वकिलाला फोन करत बसू नका. आपल्या दाव्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मागून घ्या; तो टाकला की ई-कोर्टच्या ॲपवर तारीख फुकट दिसते.

वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायची. फी थकली म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, हेही त्याच न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. तरीही मूळ खरेदीखत देताना पोच घ्या आणि झेरॉक्स घरी ठेवा.