रहस्यकथा आणि इतिहासाची साक्ष

शिक्षकाच्या टेबलावरील रहस्यकादंबरी, कोणी वर्गात डोकावताच, खणात सरकविली जाते. अशी पुस्तके वेळ घालविण्याचे साधन होत हा समज पुष्कळ अंशी खराही आहे. तथापि ज्या रहस्यकथेचा विषय प्रत्यक्ष घडलेला इतिहास असतो, ती इतिहास शिकविणाऱ्याने उघडपणे वाचावी. जोसेफिन टे या टोपणनावाने लिहिणाऱ्या स्कॉटिश लेखिकेची ‘द डॉटर ऑफ टाइम’ (१९५१) ही कादंबरी या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. लेखनाकडे वळण्यापूर्वी ही बाई शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होती.

कथेतील पोलीस अधिकारी ग्रँट पाय मोडल्यामुळे लंडनच्या रुग्णालयात पडून आहे. मन रमावे म्हणून त्याला आणून दिलेल्या जुन्या चित्रांत तिसऱ्या रिचर्ड राजाचे एक चित्र असते. हा राजा इंग्लंडमधील शाळकरी मुलांना ठाऊक असे तो पुतण्यांचा मारेकरी म्हणून. चौथा एडवर्ड १४८३ साली वारला, तेव्हा त्याचे दोन मुलगे १२ व ९ वर्षांचे होते. ते लंडनच्या टॉवर या किल्ल्यात राहिले, चुलता रिचर्ड गादीवर बसला, आणि ती मुले पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत. १४८५ मध्ये बॉस्वर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला व सातवा हेन्री राजा झाला.

ग्रँटचा तपास सुरू होतो तो परिचारिकेच्या शालेय इतिहासाच्या पुस्तकापासून. त्यात खुनाची हकीकत निःशंकपणे दिलेली असते. ती कोठून आली, असे विचारता विचारता तो सर टॉमस मोर यांच्या ग्रंथापाशी पोहोचतो. मोर म्हणजे थोर व सत्यनिष्ठ पुरुष. त्यांच्या शब्दावर संशय कोण घेणार? परंतु मोर यांचा जन्म १४७८ चा. मुले दिसेनाशी झाली तेव्हा ते पाच वर्षांचे होते. पुढे ते ज्या जॉन मॉर्टन यांच्या घरी बालपणी सेवेस होते, ते मॉर्टन रिचर्डचे वैरी आणि हेन्रीच्या पक्षातील प्रमुख. म्हणजे ज्याला सारे साक्षीदार मानीत आले, त्याने काही पाहिलेच नव्हते. त्याने ऐकले होते, आणि तेही प्रतिपक्षाच्या घरात. पाठ्यपुस्तकातील उतारा ‘पाठ करा’ म्हणून सांगणाऱ्या शिक्षकाला हे प्रकरण थोडे अस्वस्थ करील, आणि ते इष्टच आहे.

मात्र येथेच पुस्तक मिटणारा वाचक अर्धाच धडा शिकतो. लेखिका रिचर्डला निर्दोष ठरवून हेन्रीकडे बोट दाखविते. तिचीही साक्ष तपासली पाहिजे. ग्रँटच्या मनात पहिला संशय येतो तो चित्रातील चेहरा पाहून. पण लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहातील ते चित्र राजाच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी काढलेले आहे. राजपुत्रांचा घात झाल्याचा संशय रिचर्ड जिवंत असतानाच बोलला जात होता; १४८३ च्या उन्हाळ्यात लंडन सोडून गेलेल्या मँचिनी या इटालियन गृहस्थाने त्याच वर्षअखेर तो नोंदविला आहे. वेल्समधील टोनीपँडी येथील १९१० च्या दंग्याचे उदाहरण तर लेखिकेने खोट्या दंतकथेचा नमुना म्हणून दिले आहे. तेथे नाके फुटण्यापलीकडे फारसे घडले नाही, असा तिचा सूर आहे; वस्तुतः डोक्याला मार लागून एक खाणकामगार मेला होता आणि त्या भागात सैन्यही आले होते. एक दंतकथा पुसताना दुसरी लिहिली गेली ती अशी.

पुराव्याने दोन्ही पक्षांना थोडे थोडे खोटे पाडले. २०१२ साली लेस्टर शहरात मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा एका बाजूस वळलेला होता, म्हणजे शारीरिक व्यंग ही केवळ शत्रूंची कल्पना नव्हती; पण नाटकातला वाळलेला हात मात्र त्या सांगाड्यात नव्हता. मुलांचे काय झाले, हा प्रश्न तसाच राहिला आहे.

सातवीच्या वर्गात यावर एक तास घेता येतो. शाळेत आदल्या दिवशी घडलेला साधा प्रसंग, समजा खेळातील एखादा वादग्रस्त गडी, दोन्ही बाजूंच्या एकेका मुलाला लिहून काढण्यास सांगावे. मग त्या दिवशी गैरहजर असलेल्या तिसऱ्या मुलाने त्यांपैकी एकाच मित्राकडून ऐकून हकीकत लिहावी. तिन्ही टिपणे वर्गात वाचली की तिसरे बहुधा सर्वांत ठाम व सुबक असल्याचे आढळते. कोणी पाहिले, केव्हा लिहिले, लिहिणारा कोणाच्या बाजूचा, हे प्रश्न त्यानंतर मुलेच विचारू लागतात. तेच प्रश्न पुढच्या तासाला क्रमिक पुस्तकातील उताऱ्याला विचारू द्यावेत. उत्तर शिक्षकास ठाऊक नसल्यास तसे सांगावे. गावातील दोन घरांचा तंटा मात्र या पाठासाठी घेऊ नये. टिपणे दप्तरातून घरी जातात, आणि शिक्षकाला त्याच गावात राहावयाचे असते.