विटा पाडणारे हात, पात्र घडवणारे हात

वाचनभाग: निर्गम 1:13-14, निर्गम 5:6-19, निर्गम 35:30-35, यिर्मया 18:1-6



मातीचा विषय निघाला की यिर्मया संदेष्ट्याने पाहिलेले कुंभाराचे घर आपल्याला आठवते. परमेश्वर कुंभार आणि आपण माती, हे आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. पण दिव्यांग व्यक्तींना मातीकाम आणि चित्रकला शिकवताना याच शास्त्रभागाचा उलटा उपयोग होण्याची भीती असते. शिकवणारा नकळत कुंभाराच्या जागी जाऊन बसतो आणि शिकणाऱ्याला माती समजू लागतो. कुंभार एकच आहे, आणि त्याच्यापुढे शिकवणारा व शिकणारा दोघेही माती आहेत, हे मनात ठेवून आपण हा पाठ पाहू.

1. मिसरातील विटा

इस्राएल लोकांचा मातीशी संबंध गुलामगिरीत आला. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात मुकादम रोज विटांची संख्या मोजतात. पेंढा देणे बंद होते, पण संख्या कमी होत नाही. वीट कोणी पाडली हे तिथे कोणी विचारत नाही. मोजली जाते ती वीट. माणसाची मोजदाद नाही.

ही गोष्ट आपल्या भागापासून दूर नाही. सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ तालुक्यांत कातकरी वाड्या आहेत. कातकरी ही राज्यातील तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. जमीन नाही म्हणून अनेक कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात. तिथे मजुरी पाडलेल्या विटांवर ठरते. अशा घरातील ज्या मुलाचा एक हात चालत नाही किंवा ज्या मुलीला ऐकू येत नाही, ते मूल त्या हिशेबात बसत नाही. ते खोपीपाशी धाकट्या भावंडाला सांभाळत बसते. माती त्याच्या ओळखीची असते, पण मातीतून आपणही काही करू शकतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

2. बसालेलाचे नाव

त्याच निर्गमात पुढे चित्र बदलते. निवासमंडपाच्या कामासाठी परमेश्वर बसालेलाला नाव घेऊन बोलावतो. देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून ज्याचे इतक्या स्पष्टपणे वर्णन येते, तो इथे याजक नाही, राजाही नाही. तो कारागीर आहे. सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवर काम करण्याचे ज्ञान हे देवाचे दान आहे, असे शास्त्र सांगते. बसालेल आणि अहलियाब या दोघांच्या मनात देवाने दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही घातली (निर्गम 35:34). म्हणजे शिकवणे हेसुद्धा कृपादान आहे.

जे लोक काल मोजून विटा पाडत होते, त्यांच्यातीलच माणसे आज नावाने ओळखली जातात. आपल्या कलावर्गाचे उद्दिष्टही हेच असावे.

3. आपल्या दोन जिल्ह्यांतील साक्ष

हातकामातून माणसाला उभे करण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. फलटणला कमला निंबकर बालभवन ही शाळा आहे. ज्यांचे नाव या शाळेला दिले आहे त्या कमलाबाई मूळच्या अमेरिकेतील क्वेकर कुटुंबातील एलिझाबेथ लंडी. 1950 साली त्यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, देशातील पहिले प्रशिक्षण सुरू केले. या शास्त्रात काम माणसाला बसेल असे निवडतात, माणसाला कामाच्या साच्यात कोंबत नाहीत.

सांगली जिल्ह्यात मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिशन रुग्णालय उभे केले, आणि तिथल्या रिचर्डसन रुग्णालयाने कुष्ठरुग्णांची सेवा केली आहे. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. मात्र मज्जातंतूंची जी हानी आधी झाली, तिच्यामुळे हाताची संवेदना बहुधा परत येत नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की रुग्णांची बोटे आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळे भाजणे आणि जखमा होत राहतात, त्यातून बोटे जातात. मातीकाम शिकवणाऱ्याने हे पक्के लक्षात ठेवावे. ज्याच्या हाताला चटका कळत नाही, त्याने भट्टीतील भांडे पूर्ण निवाल्याशिवाय उचलू नये, आणि वर्ग सुटताना आपले हात डोळ्यांनी तपासावेत.

4. वर्ग कसा घ्यावा

प्रभू येशूने आंधळ्या बार्तीमयाला आधी विचारले की मी तुझ्यासाठी काय करावे (मार्क 10:51). गरज उघड दिसत असतानाही त्याने विचारले. आपणही आधी विचारावे.

माती स्वस्त आहे आणि चूक सोसणारी आहे. ज्याची मूठ उघडत नाही तो मुठीनेच गोळा दाबून ताटली करू शकतो. दृष्टी नसलेल्याला बोटांनी काठाची जाडी कळते. कर्णबधिर मुलाला बोलून सांगण्यापेक्षा शेजारी बसून करून दाखवावे. ज्याला क्रम लक्षात राहत नाही, त्याच्यासाठी मळणे, वळणे, जोडणे आणि सुकवणे यांची चार चित्रे भिंतीवर लावावीत. चाकाची घाई करू नये. वळ्या करून एकावर एक रचल्या तरी सुंदर भांडे होते.

भांडे सावलीत सावकाश सुकवावे. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि भांडे फुटते. मातीची कोरडी धूळ छातीला वाईट, म्हणून खोली झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

न भाजलेले भांडे बिघडले तर पाण्यात भिजवून त्याच मातीचे पुन्हा घडवता येते. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात हेच आहे. भाजल्यावर मात्र तिची पुन्हा ओली माती होत नाही. एकोणिसाव्या अध्यायातील फोडलेले मडके सांधता येत नाही, ते यामुळेच. शिकणाऱ्याला सांगावे, भट्टीपर्यंत सुधारायला वाव आहे, घाबरू नकोस.

5. आपली कसोटी

खरी परीक्षा विक्रीच्या टेबलावर होते. नाताळच्या विक्रीसाठी पणत्या आणि गव्हाणीचे देखावे हवे असतात. काठ वाकडा दिसला की शिक्षक हळूच तो सरळ करतो आणि रंगही स्वतः भरतो. वस्तू सुबक होते, पण ती आता शिकणाऱ्याची राहत नाही. मंडळीला वाटते आपण त्या मुलीचे काम विकत घेतले. त्या मुलीला मात्र कळते की आपले काम पुरेसे नव्हते. हात तिचे आणि संख्या आपली, असे झाले तर आपणही मिसरातील मुकादमांच्या रांगेत जाऊन बसतो.

म्हणून तीन नियम पाळावेत. शिकणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याच्या वस्तूला हात लावू नये. प्रत्येक वस्तूच्या तळाशी करणाऱ्याने आपली खूण उमटवावी, अंगठ्याची असली तरी चालेल. माती आणि भट्टीचा खर्च वजा जाता पैसे करणाऱ्याच्या हाती द्यावेत आणि हिशेब त्याला समजेल असा सांगावा. मंडळीनेही दया म्हणून घेऊन वस्तू कपाटात टाकू नये. आवडली तर घ्यावी आणि वापरावी.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीतील दिव्यांग व्यक्ती केवळ मदत घेतात, की त्यांच्याकडे एखादी जबाबदारी आहे?
2. बसालेलाला दिलेले दान आपण उपदेशाच्या दानाइतकेच मोलाचे मानतो का?
3. जवळच्या वाडीतील एखाद्या कुटुंबाला दिव्यांग प्रमाणपत्र काढण्यासाठी आपल्यापैकी कोण सोबत जाऊ शकेल?

प्रार्थना

हे प्रभू, आम्हा सर्वांना घडवणारा तूच आहेस. ज्या हातांना जगाने निरुपयोगी ठरवले त्यांत तू ठेवलेली दाने ओळखायला आम्हांला शिकव. शिकवताना धीर दे, आणि दुसऱ्याचे काम आपले म्हणून मिरवण्यापासून आम्हांला राख. येशूच्या नावाने मागतो. आमेन.