पांडुरोग, लोहकल्प आणि हृदय

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळाव्या अध्यायात पांडुरोगाच्या पूर्वरूपांमध्ये हृदयस्पंदनाचा निर्देश आहे. रक्तधातू क्षीण झाल्यास हृदयाला क्लेश होतात, हे आपल्या आचार्यांनी जाणले होते. या व्याधीत लोह व मंडूर यांचे कल्प प्रशस्त मानले गेले, ते योग्यच होय. तथापि पांडुता दिसते तेथे लोहाची उणीव असतेच असे नाही. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारात लोहाचा अतिसंचय हाच मुख्य उपद्रव असून तो हृदयास घातक ठरतो.

संप्राप्ती : थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णास साधारणतः दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. शरीरातून मात्र दररोज एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर पडते. उरलेले लोह यकृत, अंतःस्रावी ग्रंथी व हृदयाच्या स्नायूंत साचते. परिणामी नाडी अनियमित होणे, श्वास, शोथ आणि अखेरीस हृदयाची कार्यक्षमता ढासळणे असा क्रम घडतो. थॅलेसेमिया इंटरमीडियात रक्त न देताही आतड्यातून लोहाचे शोषण वाढलेले असते.

म्हणून अशा रुग्णास नवायस लोह, पुनर्नवा मंडूर वा धात्री लोह देणे म्हणजे भरल्या घागरीत आणखी पाणी ओतणे होय. आवळ्यातील 'क' जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते, हेही येथे ध्यानी घ्यावे.

व्यवच्छेदक निदान : रक्ततपासणीच्या अहवालातील एमसीव्हीच्या अंकास तांबड्या पेशींच्या (दशलक्षांतील) संख्येने भागावे. भागाकार १३ पेक्षा कमी आल्यास थॅलेसेमियाच्या वाहकतेची शंका घ्यावी. अधिक आल्यास लोहाच्या कमतरतेकडे कल असतो. हा केवळ प्राथमिक संकेत आहे. निश्चितीसाठी सीरम फेरिटिन व हिमोग्लोबिन ए-२ ची तपासणी हवी. ए-२ चे प्रमाण ३.५ टक्क्यांहून अधिक असल्यास वाहकता संभवते. वाहकात लोहाची उणीव सिद्ध झाल्यास लोहकल्प जरूर द्यावेत. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य मेजर असण्याची शक्यता २५ टक्के असते.

आपल्या परिसरात : घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील गाव. बीड जिल्ह्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने मजूर ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि कित्येक महिने परगावी राहतात. निघताना 'रक्तवाढीचे औषध' एकदमच मागितले जाण्याचा संभव असतो. अशा वेळी औषधविक्रेत्यांनी 'यापूर्वी रक्त चढवले आहे काय? कुटुंबात कुणाला वारंवार रक्त द्यावे लागते काय?' हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. उत्तर होकारार्थी आल्यास लोहकल्प न देता रुग्णास अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे मार्गदर्शनासाठी पाठवावे.

लोह बाहेर काढणारी डेफेरासिरॉक्स, डेफेरिप्रोन वा डेस्फेरिऑक्सामिन ही औषधे सुरू असल्यास ती बंद करण्याचा सल्ला वैद्यांनी कदापि देऊ नये. हृदयाचे रक्षण मुख्यतः त्यांच्या नियमित सेवनावरच अवलंबून असते. दीपन-पाचन, पथ्य व बलरक्षण यांचे साहाय्य रक्तविकारतज्ज्ञांशी विचारविनिमय करूनच द्यावे. आधी परीक्षा, मग औषध, हा शास्त्राचा दंडक येथे प्राणरक्षक ठरतो.