१८१८ चा आणा : खरा की शोभेचा?

इतिहासाच्या साधनांत नाण्याला मानाचे स्थान आहे. परंतु साक्षीदार खरा असेल तरच त्याच्या साक्षीला किंमत. म्हणून भेट मिळालेले जुने नाणे कसे पारखावे, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करीत आहे.

उदाहरण म्हणून अनेक घरांतील देवघरात आढळणारे एक नाणे घेऊ. एका बाजूस रामपंचायतन अथवा मारुती. दुसऱ्या बाजूस इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘वन आना’ आणि १८१८ हे साल. आपल्या कामठीत हे साल चटकन पटते. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, १८२१ मध्ये कंपनीने येथे छावणी वसविली. मग ‘पलटणीतल्या पणजोबांच्या पगारातले नाणे’ अशी कथा तयार होण्यास वेळ लागत नाही.

प्रथम मजकूर पाहावा. १८१८ च्या सुमारास कंपनीचा बंगालमधील रुपया फारसी लिपीत व बादशहा शाहआलमच्या नावाने पडत होता. शाहआलम १८०६ मध्येच वारला होता, तरी नाव चालू राहिले. कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकसारखी इंग्रजी नाणी आली ती १८३५ पासून. त्यांत तांब्याची अर्धा आणा, पाव आणा व पै ही नाणी होती. एक आण्याचे निकेलमिश्रित, नागमोडी कडेचे नाणे १९०७ पासून निघाले. तेव्हा १८१८ चा हा ‘वन आना’ चलनातला नव्हे.

येथे एक सावधगिरी हवी. केवळ देवाची आकृती आहे म्हणून नाणे खोटे ठरत नाही. कंपनीच्या मद्रासकडील होनांवर विष्णूची आकृती होती. अकबरानेही रामसीतेचे नाणे पाडले होते. देवघरात पुजण्याच्या रामटंका ही तर निराळी आणि जुनी परंपरा आहे.

दुसरी कसोटी वजनाची. १८३५ चा पाव आणा सुमारे ६.४७ ग्रॅम, अर्धा आणा १२.९५ ग्रॅम व रुपया ११.६६ ग्रॅम भरतो. झिजेमुळे थोडी घट चालेल, वाढ मात्र संशयास्पद. रुपयाच्या चांदीची घनता सुमारे १०.३ असल्याने तो दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलला असता सुमारे १.१३ ग्रॅमने हलका भरावा. आर्किमिडीजचा नियम असा घरीही उपयोगी पडतो!

तिसरी कसोटी घडणीची. टांकसाळीतले नाणे ठशाने ठोकलेले असते. अक्षरांच्या कडा रेखीव असतात. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक छिद्रे, बोथट अक्षरे व कडेवर सांध्याची रेघ दिसते. लोहचुंबकाला चिकटले तर ते कंपनीचे तांबे वा चांदी नव्हे. परंतु पितळी नक्कलही चिकटत नाही, हे विसरू नये. आणि चिंच-राखेने घासून लख्ख करू नये. खऱ्या नाण्याचे त्यात नुकसान होते.

हा खटाटोप कशासाठी? माझ्या आत्याला तिच्या सासूबाईंनी असेच नाणे दिले होते. फोनवरून एका गृहस्थाने त्याचे तीन लाख देऊ केले. आधी ‘नोंदणी’चे पाच हजार मात्र आत्याने भरायचे! मुलीच्या फीसाठी ती पैसे भरायला निघाली होती. वरील कसोट्या तिच्यासमोर बसून लावल्या, तेव्हा पाच हजार वाचले. नाणे पुन्हा देवघरात गेले. सासूबाईंची आठवण म्हणून ते तिला पूर्वीइतकेच प्रिय आहे. अशा फसव्या व्यवहारांविषयी रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेला सावध केले होते.

विद्यार्थी मित्रांनो, नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ पासून उभे आहे. खरी नाणी डोळे भरून पाहावीत, म्हणजे नक्कल ओळखू येऊ लागते. आणि कोणी आजीबाईंनी आपले नाणे विश्वासाने हाती दिले, तर निकाल सांगण्यापूर्वी ते त्यांना कोणी दिले, हेही आस्थेने विचारावे.