मतलेखकाची जबाबदारी : माधवराव सप्रे यांचे उदाहरण

वृत्तपत्रात दोन प्रकारचा मजकूर असतो : एक बातमीचा आणि दुसरा मताचा. काय घडले हे बातमी सांगते. जे घडले त्याचा अर्थ काय आणि त्याबाबत समाजाने कोणती भूमिका घ्यावी, हे मतलेख सांगतो. बातमीत चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता येते. मताच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. मताच्या पाठीशी ते मांडणारी व्यक्ती उभी असते आणि ते मत मागे घेण्याचा प्रसंग आला, तर त्या व्यक्तीचा शब्दच पणाला लागतो. हे ज्यांच्या आयुष्यात स्पष्टपणे दिसते, अशांपैकी एक म्हणजे रायपूरचे माधवराव सप्रे होत. त्यांची मातृभाषा मराठी होती, तर त्यांचे लेखन प्रामुख्याने हिंदीत झाले.

पूर्वपरंपरा

नियतकालिकातून ठराविक काळाने मत मांडण्याची प्रथा मराठीत बरीच जुनी आहे. भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ पासून गोपाळ हरि देशमुख यांची पत्रे ‘लोकहितवादी’ या नावाने प्रसिद्ध होऊ लागली. ती पुढे ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली. ज्याला आज सदर किंवा स्तंभ म्हणतात, त्याची बहुतेक लक्षणे या पत्रांत आढळतात : नियमितपणा, मर्यादित विस्तार, एका वेळी एकच विषय आणि वाचकाशी थेट संवाद. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला. त्याचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर यांचे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी मतभेद झाले. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला व पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. पत्राचे धोरण आणि लेखकाचे मत यांचा मेळ बसत नसेल तर लेखकाने काय करावे, या प्रश्नाचे एक उत्तर आगरकरांनी कृतीने दिले होते. मराठी जाणणाऱ्या सप्रे यांना ही परंपरा परकी नव्हती.

‘छत्तीसगढ मित्र’

माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी आजच्या मध्य प्रदेशातील दमोह जिल्ह्यात पथरिया येथे झाला. त्यांचे माध्यमिक शिक्षण रायपूरला झाले. पदवी मिळाल्यावर सरकारी नोकरीची वाट त्यांना मोकळी होती. ती न स्वीकारता त्यांनी पेंड्रा येथे तेथील राजकुमाराच्या शिक्षकाचे काम पत्करले. त्या काळी पेंड्रा हे छापखान्यांच्या केंद्रांपासून दूरचे गाव होते. तेथूनच जानेवारी १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक, तर रायपूरचे वामन बळीराम लाखे हे मासिकाचे प्रकाशक होते. छत्तीसगढमधील पहिल्या महत्त्वाच्या हिंदी मासिकाचे तिन्ही चालक अशा रीतीने मराठी भाषिक होते. प्रारंभी मासिकाची छपाई रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात होई. पुढे ती नागपूरच्या देशसेवक छापखान्यात होऊ लागली.

या मासिकाने ग्रंथपरीक्षणाला विशेष स्थान दिले. नव्या पुस्तकाची पोच देऊन दोन स्तुतीचे शब्द लिहावेत, असा प्रघात त्या वेळी होता. सप्रे यांनी पुस्तकाचे गुण आणि दोष दोन्ही कारणांसह दाखविण्याचा आग्रह धरला. श्रीधर पाठकांसारख्या नामवंत कवीच्या रचनांची त्यांनी याच दृष्टीने चिकित्सा केली. मतलेखनाचा पहिला नियम येथे दिसून येतो. कारणांशिवाय दिलेला अभिप्राय ही केवळ आवडनिवड ठरते. कारणे दिली, म्हणजे वाचकाला त्या अभिप्रायाशी सहमत होण्याचे किंवा त्याचा प्रतिवाद करण्याचे साधन मिळते.

एप्रिल १९०१ च्या सुमारास याच मासिकात सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये तिची गणना केली जाते. एका गरीब विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराची ती कथा आहे. जे मत निबंधातून मांडता आले असते, ते येथे गोष्टीतून मांडले गेले.

तथापि मासिकाचा आर्थिक पाया कच्चा होता. साक्षर वाचक थोडे होते आणि त्यांपैकी वर्गणी वेळेवर भरणारे त्याहूनही थोडे. तोटा सोसत तीन वर्षे चालवून डिसेंबर १९०२ मध्ये मासिक बंद करावे लागले. स्वतंत्र मताला स्वतंत्र उत्पन्नाचा आधार लागतो, हा धडा सप्रे यांना प्रारंभीच मिळाला.

‘हिंद केसरी’ आणि १९०८ चे वर्ष

यानंतर सप्रे यांचे कार्य नागपूरला सुरू झाले. तेथे त्यांनी ‘हिंदी ग्रंथमाला’ काढली व स्वदेशी आणि बहिष्कार या विषयावर विस्तृत निबंध लिहिला. एप्रिल १९०७ मध्ये त्यांनी ‘हिंद केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले. टिळकांच्या ‘केसरी’तील विचार हिंदी वाचकांपर्यंत नेणे हा त्याचा मुख्य उद्देश होता.

१९०८ साली वृत्तपत्रांवर सरकारची विशेष करडी नजर होती. मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर जून महिन्यात वृत्तपत्रांसंबंधी नवा कायदा झाला. चिथावणीखोर मजकूर छापणारा छापखाना जप्त करण्याची तरतूद त्यात होती. भारतीय दंडविधानातील राजद्रोहाचे १२४ अ हे कलम तर १८७० पासूनच अस्तित्वात होते. ‘काळ’चे संपादक शिवराम महादेव परांजपे यांना जुलैमध्ये शिक्षा झाली. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली. पुढच्याच महिन्यात नागपूर येथे सप्रे यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली.

कारावासात त्यांच्यापुढे दोन मार्ग होते : शिक्षा भोगणे किंवा क्षमापत्र लिहून देणे. कुटुंबाकडून, विशेषतः वडील बंधूंकडून, त्यांच्यावर अत्यंत तीव्र दडपण आले. क्षमापत्र न दिल्यास आपण प्राण देऊ, असे बंधूंनी सांगितले. अखेरीस सप्रे यांनी क्षमापत्रावर स्वाक्षरी केली आणि नोव्हेंबर १९०८ मध्ये त्यांची सुटका झाली. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना त्यांच्या विचारांचा हिंदी प्रवक्ता क्षमा मागून बाहेर आला, ही गोष्ट अनेकांना रुचली नाही. सप्रे यांच्यावर टीका झाली. त्यांना स्वतःलाही या घटनेचा तीव्र पश्चात्ताप झाला.

माफीनंतरची वाटचाल

या प्रसंगी स्वतःचे समर्थन करणारे लेख लिहिणे शक्य होते. सप्रे यांनी तो मार्ग धरला नाही. वर्ध्याजवळ हनुमानगड येथे रामदासी परंपरेतील श्रीधर विष्णू परांजपे यांच्या सान्निध्यात ते राहिले. माधुकरी मागून निर्वाह करावा व ‘दासबोधा’चे परिशीलन करावे, असा त्यांचा क्रम होता. पुढे ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद त्यांनी सिद्ध केला. रायपूरला परतल्यावर त्यांनी तेथे रामदासी मठ स्थापन केला व मुलींच्या शिक्षणाच्या कामात लक्ष घातले.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा हिंदी अनुवाद सप्रे यांनीच केला आणि तो टिळकांच्या हयातीत प्रकाशित झाला. चिंतामण विनायक वैद्य यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचाही त्यांनी हिंदी अनुवाद केला. जानेवारी १९२० मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले. त्याच्या स्थापनेत सप्रे यांचा मोठा वाटा होता. परंतु संपादक म्हणून नाव लागले ते माखनलाल चतुर्वेदी यांचे. चतुर्वेदी यांनाही पुढच्या वर्षी राजद्रोहाबद्दल कारावास झाला. १९२४ मध्ये सप्रे यांना हिंदी साहित्य संमेलनाच्या डेहराडून अधिवेशनाचे अध्यक्षपद मिळाले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले.

रायपुरातील पुढचा टप्पा

स्वातंत्र्यानंतर रायपुरात मायाराम सुरजन यांच्या ‘देशबन्धु’ने मतलेखनाला महत्त्वाचे स्थान दिले. जबलपूरचे व्यंग्यलेखक हरिशंकर परसाई यांचे ‘पूछिए परसाई से’ हे सदर त्यात १९८० नंतरच्या दशकात प्रसिद्ध होत असे. वाचकांनी प्रश्न विचारावेत आणि परसाईंनी उत्तरे द्यावीत, असे त्याचे स्वरूप होते. आरंभी हलकेफुलके प्रश्न येत. परसाईंनी हळूहळू वाचकांना सामाजिक व राजकीय प्रश्नांकडे वळविले. लेखक बोलतो व वाचक ऐकतो हा क्रम येथे उलटला आणि स्तंभलेखकाला प्रत्येक प्रश्नाला उत्तर देण्यास बांधून घ्यावे लागले. जबाबदारीचे हे आणखी एक रूप होय.

निष्कर्ष

कायद्याची स्थिती आता बदलली आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये १२४ अ या कलमाची अंमलबजावणी स्थगित ठेवली आणि १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. देशाचे सार्वभौमत्व व एकता यांना धोका पोहोचविणाऱ्या कृत्यांसंबंधी तिच्यात १५२ वे कलम आहे. कलमे बदलली तरी मतलेखकापुढील मूळ प्रश्न कायम राहतो : जे लिहिले त्याची किंमत मोजावी लागली, तर ती मोजण्याची तयारी आहे काय?

सप्रे एका प्रसंगी ती किंमत पूर्णपणे मोजू शकले नाहीत. असे असूनही त्यांचे उदाहरण मोलाचे आहे, कारण आपल्या शब्दाचे ओझे त्यांनी नंतर अठरा वर्षे वाहिले. क्षमापत्रात मत मागे घेतले गेले होते, पण त्या मताचे काम त्यांनी सोडले नाही. संपादकपदाचा मान मात्र दुसऱ्याकडे जाऊ दिला. मतलेखकाने कधीच डगमगू नये अशी अपेक्षा ठेवणे सोपे आहे. डगमगल्यानंतर त्याने काय करावे, हे शिकविणारी उदाहरणे थोडी आढळतात. सप्रे यांचे उदाहरण त्यांपैकी एक आहे.