एकाच नांवाचे दोघे : दोषशोधकाची परीक्षा

पुणें व त्याच्या आसपास वडगांव या नांवाचीं गांवें किती आहेत, हें एखाद्या जुन्या टपालवाल्यास विचारावें. वडगांव मावळ, वडगांव शेरी, वडगांव बुद्रुक, वडगांव खुर्द हीं चार तर तो एका दमांत सांगेल. पाकिटावर नुसतें 'वडगांव' लिहिलेलें पत्र त्यानें कोठें न्यावें? ही अडचण ओळखूनच पूर्वजांनीं गांवाच्या नांवास दुसरें नांव जोडण्याची चाल पाडली. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारांसहि नेमकी हीच अडचण आली, आणि त्यांनींहि तोच उपाय योजिला.

आज्ञावलींत एखादी किंमत सांठविण्यासाठीं जी नांव दिलेली जागा असते तिला 'चल' म्हणतात. लहान आज्ञावलींत चलांचीं नांवें वेगवेगळीं ठेवणें सोपें असतें; परंतु शेंकडों माणसांनीं मिळून लिहिलेल्या आज्ञावलींत 'संख्या' हें नांव दहा जणांस सुचणारच. म्हणून सी प्लस प्लस या भाषेंत 'नामविश्व' ही योजना आहे. (ही भाषा ब्यार्न स्ट्रोस्ट्रूप यांनीं १९७९ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत घडविण्यास आरंभ केला, १९९८ सालीं तिचें जें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें त्यांत नामविश्वें आहेत.)

विद्यार्थिमित्रहो, आपण शाळेपुरतेंच उदाहरण घेऊं. 'शाळा' या नामविश्वांत 'संख्या' हा चल आहे, त्याची किंमत ४१२. 'वसतिगृह' या नामविश्वांतहि एक 'संख्या' आहे, तिची किंमत १२. कोणत्याच नामविश्वांत नसलेली एक मोकळी 'संख्या' आहे, ती ५. यांचीं पूर्ण नांवें अशीं लिहावयाचीं : शाळा::संख्या, वसतिगृह::संख्या, आणि मोकळीचें ::संख्या. वडगांवाचें जोडनांव मागाहून येतें, येथें तें आधीं येतें, एवढाच फरक. मधलीं चिन्हें पाहून कोणास विसर्ग आठवेल. पण तीं दोन अपूर्णविरामचिन्हें होत.

आतां दोषशोधकाकडे वळूं. यासच डीबगर असेंहि म्हणतात. आज्ञावली चालत असतां तिला मध्येंच थांबवावें आणि 'या क्षणीं अमक्या चलाची किंमत काय?' असें विचारावें, यासाठीं हें साधन असतें. जीडीबी नांवाचा प्रसिद्ध दोषशोधक रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८६ सालीं लिहिला, व तो आजहि वापरांत आहे. चुकलेल्या आज्ञावलीपुढें बसलेला मनुष्य या साधनाच्या शब्दावर साक्षीदाराच्या शब्दासारखा विश्वास ठेवतो. साधनानें मुळींच उत्तर दिलें नाहीं, तर तो दुसरा मार्ग शोधतो. पण वसतिगृहाची संख्या विचारली असतां त्यानें शाळेची सांगितली, तर? उत्तर नीटनेटकें, आंकडाहि खोटा नव्हे, फक्त दुसऱ्याचा! विचारणारा त्यावर विसंबून जेथें चूक नाहीं तेथें दुरुस्ती करीत बसतो. पालकांपैकीं जे हिशेबनीस असतील त्यांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. खतावणींतलें कोरें पान पुरवलें, पण दुसऱ्याच खात्याची रक्कम नको.

अशी गल्लत होण्यास जागा पुष्कळ आहे. मूळ लेखाचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणारा कंपायलर हीं जोडनांवें एका शब्दांत गुंफून टाकतो; शिवाय कोणता चल कोणत्या नामविश्वांतील, याची नोंद तो 'ड्वार्फ' नांवाच्या पद्धतीनें निराळी लिहून ठेवतो. नामविश्वासाठीं स्वतंत्र खूण या पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तींत, २००५ मध्यें आली. दोषशोधक ती नोंद वाचून उत्तर देतो. त्यास नुसतें 'संख्या' विचारलें, तर आज्ञावली जेथें थांबली आहे तेथून त्यानें बाहेर बाहेर शोधीत जावयाचें : आधीं त्या फंक्शनाच्या आंतली, मग भोंवतालच्या नामविश्वांतली, मग त्याहूनहि बाहेरची, आणि सरतेशेवटीं मोकळी. घरांत 'बाळू' अशी हांक मारली तर घरांतला बाळू यावा, गल्लींतला नव्हे, तसेंच हें. एक पायरी चुकली कीं भलताच बाळू हजर!

म्हणून दोषशोधकाचीच परीक्षा घ्यावी लागते, आणि ती एकदां घेऊन भागत नाहीं. दोषशोधकहि शेवटीं एक आज्ञावलीच. तिच्यांत कोठें फेरफार झाला कीं सारे प्रश्न पुन्हां विचारावयाचे. हजारों प्रश्न माणसानें वरचेवर विचारणें अशक्य, यास्तव तें काम यंत्राकडे सोंपवितात. जीडीबीच्या परीक्षेंत एक्स्पेक्ट नांवाच्या साधनाचा उपयोग होतो. तें डॉन लाइब्स यांनीं १९९० मध्यें पुढें आणलें. माणसाच्या जागीं बसून तें आज्ञा देतें, उत्तर वाचतें, व अपेक्षित उत्तराशीं ताडून पाहतें. आपल्या उदाहरणाची आज्ञावली वसतिगृहाच्या एखाद्या फंक्शनांत थांबविली, तर 'संख्या' या प्रश्नास १२, 'शाळा::संख्या' यास ४१२ व '::संख्या' यास ५ हीं उत्तरें आलीं पाहिजेत. येथें किंमती मुद्दाम भिन्न ठेविल्या आहेत. तिन्ही चलांत शून्य असतें, तर कोणीहि कोणाचें उत्तर दिलें तरी परीक्षा उत्तीर्णच झाली असती.

किंमती भिन्न ठेवून मीहि एकदां निश्चिंत झालों होतों. माझ्या पहिल्या कसोटींत वसतिगृहाच्या प्रश्नापुढें अपेक्षित उत्तर म्हणून मीं फक्त '१२' लिहिलें. कसोटी रोज उत्तीर्ण होई. एके दिवशीं, ही नापास होते तरी कशी हें पाहावें म्हणून, मीं प्रश्न बदलून शाळेची संख्या विचारली व अपेक्षित उत्तर तसेंच राहूं दिलें. तरीहि उत्तीर्ण! शोध करतां कारण कळलें. जीडीबीच्या कसोट्यांत अपेक्षित मजकुराचा शेवट उत्तराच्या शेवटाशीं जुळावा लागतो. आरंभाचें बंधन मात्र आपण घालूं तेव्हांच असतें. आणि ४१२ चा शेवट १२ च आहे! ज्या गफलतीसाठीं कसोटी मांडली, तीच तिला दिसत नव्हती. दोषशोधक उत्तर देतांना किंमतीच्या आधीं बरोबरीचें चिन्ह छापतो; त्या चिन्हासह '= १२' असें लिहितांच दोष मिटला. तेव्हांपासून नवी कसोटी लिहिली कीं ती आधीं एकदां मुद्दाम नापास करून पाहण्याची मला संवय जडली आहे.

या परीक्षांचें निकालपत्रकहि पाहण्याजोगें असतें. त्यांत उत्तीर्ण व अनुत्तीर्ण यांखेरीज आणखीहि रकाने आहेत. चूक दोषशोधकाची नसून कंपायलरची असेल, तर तिची नोंद निराळी. चूक दोषशोधकाचीच आहे, ती ठाऊकहि आहे, पण अद्याप दुरुस्त झाली नाहीं, तर तिची नोंद निराळी, आणि तिच्यासोबत दोषांच्या नोंदवहींतला क्रमांक. अशी कसोटी अवचित उत्तीर्ण झाली तर तेंहि वेगळें कळविलें जातें. आपल्या प्रगतिपुस्तकांत असे रकाने असते तर किती बरें झालें असतें, असें कोणा चतुर विद्यार्थ्यास वाटेल. त्यानें चूक क्रमांकासह कबूल करण्याची अट विसरूं नये.

सर्वांत कठीण प्रश्न राहिलाच. सी प्लस प्लसमध्यें नामविश्वास नांव न देण्याचीहि मुभा आहे. असें अनामिक नामविश्व ज्या त्या फायलीपुरतें असतें. आतां दोन फायलींत अशीं दोन नामविश्वें असून दोहोंत 'संख्या' असली, तर त्यांचीं पूर्ण नांवेंहि एकच! जोडनांव लावूनहि वडगांव कोणतें तें कळत नाहीं अशी ही अवस्था. येथें आज्ञावली आळीपाळीनें दोन्ही फायलींत थांबवून तोच प्रश्न विचारावा लागतो, व उत्तर प्रत्येक वेळीं त्या त्या फायलीचें आलें पाहिजे.

वरच्या वर्गांतील ज्या मुलांपाशीं संगणक असेल त्यांनीं हा प्रयोग घरीं करून पाहावा. दोषशोधकासाठीं नोंद लिहावयास कंपायलरला सांगावें. काटकसर मात्र करूं देऊं नये, नाहीं तर न वापरलेला चल तो खुशाल काढून टाकतो. एका फायलींत संख्या ७ ठेवावी, दुसरींत १७. आणि अपेक्षित उत्तर लिहितांना पहिल्या खेपेस बरोबरीचें चिन्ह मुद्दाम विसरावें.